घरचंच काम

माझ्या सासूबाई लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानाच्या दारात दोरीला टांगलेल्या दिसल्या, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत त्यांच्याच पापड्यांनी भरलेल्या पिशव्या होत्या.

टांगलेल्या म्हणजे त्यांचा चेहरा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्याला गुंडाळलेला पदर, हसताना दिसणारी पडलेल्या दाताची फट आणि डाव्या गालावरची चामखीळ. चिक्कीच्या डब्यांच्या वर प्लॅस्टिकच्या पाकिटांची माळ लावलेली आणि प्रत्येक पाकिटावर माझी सासू! एकीखाली एक सासवाच सासवा वाऱ्यावर डुलत होत्या. आणि पाकीट आमचं नव्हतं. नाव वेगळं, रंग वेगळा, पत्ता पुण्याकडच्या कुठल्याशा कंपनीचा. चेहरा तेवढा आमच्या घरचा.

मी रस्त्यात अशी काही थिजले, की मागून एक पर्यटक बाई "अहो, सरका की जरा" म्हणून चिडली. मी सरकले नाही. दुकानदार ओळखीचा होता, आमचाही माल ठेवायचा. त्याला विचारलं, "दादा, हे काय आहे?"

"नवीन कंपनी आहे ताई. पाकीट चकाचक, दर कमी. गिऱ्हाईक आधी तिकडंच हात घालतं."

"अहो, पण ही माझी सासू आहे!"

"मग तुमचीच कंपनी की काय?"

"माझी कसली कंपनी? माझी सासू!"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. शेवटी मी एक पाकीट घेतलं आणि त्याचे पैसे दिले. स्वतःच्या सासूला विकत घेऊन घरी जाणारी सून अख्ख्या मावळात मीच असेन.

मी मूळची लोणावळ्याची. वडील रेल्वेत होते. लग्न करून आंदर मावळात गेले, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "बाई गं, तिकडं एसटी तरी जाते का?" जाते, दिवसातून मोजक्या वेळा, आणि ती चुकली की पाय आहेतच. नवरा तळेगावला कंपनीत आहे. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. पण त्या एकट्या माझ्या आत्या नाहीत, सगळं गावच त्यांना आत्या म्हणतं. म्हणून त्यांच्या सालपापड्या विकायला काढल्या, तेव्हा पाकिटावर दुसरं नाव घालायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मोठ्या अक्षरात 'आत्या', खाली 'सालपापडी'. संपलं.

सालपापडी म्हणजे भिजवून आंबवलेल्या तांदळाच्या पिठाची, वाफवून वाळवलेली आणि मग तळून खायची पापडी. बहुतेक जणी ती ताटलीवर वाफवतात. आत्या अजून पळसाच्या पानावर वाफवतात, त्यामुळे पापडीवर पानाच्या शिरा उमटतात. पिठात जिऱ्याबरोबर आणखी काहीतरी घालतात. ते त्या मलाही सांगत नाहीत, पाठ करून घालतात. इतकी वर्षं सून आहे मी, पण त्या बाबतीत मी परकीच.

ते चित्र काढलं होतं आत्यांच्या भाच्यानं. त्यांच्या भावाचा मुलगा, माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ, म्हणून मी त्याला भावजी म्हणते. कामशेतला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, दहाव्याचे, निवडणुकीचे बॅनर छापतो, पण हात मूळचा चित्रकाराचा. एका उन्हाळ्यात तो घरी आला असताना आत्या चुलीपुढं पापड्या सोडवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "भावजी, पाकिटासाठी आत्यांचं एखादं चित्र काढून द्या की." तो तिथंच ओट्यावर बसला आणि त्यानं अशा काही आत्या काढल्या, की मला हुंदकाच आला. पैशाचं विचारलं तर तो उखडला. "वहिनी, काय बोलता? आत्याकडून पैसे घेऊ? घरचंच काम आहे."

आत्यांनी त्याला निघताना टॉवेल-टोपी दिली आणि गोणीभर इंद्रायणी तांदूळ त्याच्या गाडीला बांधला. रिकाम्या हातानं त्या कुणालाच पाठवत नाहीत. त्या वेळी मला ते सगळं इतकं छान वाटलं होतं!

तर ते पाकीट घेऊन मी घरी आले. मला वाटलं होतं आत्या बघतील आणि तळपायाची आग मस्तकाला जाईल. कसलं काय. त्यांनी पाकीट लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, "आगं बया! ही मीच की. लय झ्याक छापलीया. आपल्यापेक्षा कुंकू लालभडक हाय."

"आत्या, हे आपलं पाकीट नाही!"

"मंग कुनाचं?"

मी सांगितलं. त्यांना नीट उमगलं नाही. मग त्यांनी पाकीट फाडलं, एक पापडी हातात घेतली, वास घेतला, कडेनं मोडून बघितली आणि कढई ठेवली. तेलात पडल्यावर ती पापडी फुगली खरी, पण कडेनं काळपट झाली. आत्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर जाऊन थुंकला.

"ह्यात तांदूळ कुटं हाय? मैदा हाय निस्ता. आन सोडा बख्खळ." मग त्यांनी फाटक्या पाकिटावरचा स्वतःचा चेहरा परत बघितला. "आन ह्याच्यावर मी हसतीया?"

तेव्हा कुठं त्यांना धक्का बसला, आणि बसला तो असा, की त्या दुपारी जेवल्याच नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका बाईंचा फोन आला. त्या दरवर्षी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला येतात आणि जाताना लोणावळ्यात आमच्या पापड्या घेतात. फोन मी स्पीकरवर टाकला होता, तेच चुकलं. त्या म्हणाल्या, "अहो, या वेळच्या पापड्या तेलात टाकल्या की काळ्या पडतात. आत्यांना आता होत नाही का? की दुसऱ्याच कुणाकडून करून घेता? तसं असेल तर स्पष्ट सांगा बाई, चेहरा बघून घेतो हो आम्ही." मी हजार वेळा सांगितलं, की ते पाकीट आमचं नाही. त्या 'बरं बरं' म्हणाल्या. विश्वास बसला नव्हता, आवाजावरून कळत होतं.

आत्या समोरच तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माजं त्वांड तेवडं काढ त्याच्यावरनं. दुसरं मला काय बी नगं."

झालं, मी पदर खोचला. पण करायचं काय? ज्याला विचारावं तो एकच बोले, "पेटंट करून ठेवायचं होतं." नवरा म्हणाला पेटंट, शेजारचे आबा म्हणाले पेटंट. दूध घालायला डेअरीवर गेले तर तिथंही दोघं जण पेटंटवरच बोलत होते. आमच्याकडं हा शब्द पाण्यासारखा वापरतात. कुणाचा एखादा ठरलेला विनोद असला की ते त्याचं पेटंट, कुणाच्या हातचं मटण चांगलं होत असलं की ते तिचं पेटंट. आणि सगळ्यांच्या बोलण्याचा सूर असा, की पेटंट ही शेंगदाण्यासारखी बाजारात मिळणारी वस्तू आहे आणि मी मूर्ख ती आणायला विसरले!

वडगावला कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. माझ्या नवऱ्याच्या मित्राची बहीण, ह्याच विषयातलं शिकलेली. आत्यांना घेऊन मी तिथं गेले. टेबलावर दोन्ही पाकिटं आपटली आणि म्हटलं, "मॅडम, ह्यांनी आमचं पेटंट चोरलंय."

त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं कशाचं पेटंट आहे?"

"आहे म्हणजे... असायला हवं ना? पापडीचं."

"पापडीचं नाही मिळणार. पेटंट नव्या शोधाला मिळतं, जो आधी जगात कुणाला माहीत नव्हता. सालपापडी तुमच्या आजेसासूबाई करत होत्या ना?"

"तिची आजी बी करायची," आत्या म्हणाल्या.

"मग तो शोध नाही. पूर्वापार चालत आलेल्या माहितीवर कुणीच पेटंट घेऊ शकत नाही. तुम्ही नाही आणि ही कंपनीपण नाही."

मी म्हटलं, बरं, ही पानाच्या शिरांची नक्षी बघा, ही तरी आमची आहे. त्या म्हणाल्या, वस्तूच्या रूपाला, आकाराला, नक्षीला संरक्षण असतं, त्याला डिझाइनची नोंदणी म्हणतात, पण तीही नवीनच लागते. ही नक्षी पळसाची आहे आणि पळस काही अर्ज करायला येणार नाही. मला हसू आलं नाही. मी पिशवीतून आमचं शॉप अ‍ॅक्ट आणि खाद्यपदार्थाचं लायसन काढलं, दोन्हीवर 'आत्या' असं ढळढळीत लिहिलेलं. "हे घ्या. नाव रजिस्टर आहे आमचं."

"ही धंदा करायची परवानगी आहे, मालकी नाही," त्या म्हणाल्या. "नावाची मालकी ट्रेडमार्कनं येते. लोक ज्या खुणेवरून तुमचा माल ओळखतात, ती खूण. ती नोंदवा, आजच अर्ज करू. नोंदवली नसली तरी तुम्ही आधीपासून वापरत आलात, त्याला काही किंमत आहेच. पण ह्यांनी नाव कुठं घेतलंय तुमचं? नाव त्यांचं वेगळं आहे."

प्रत्येक दारावर टकटक करावी आणि आतून आवाज यावा, हे घर नाही, पुढचं बघा, तसं चाललं होतं. मी विचारलं, "मॅडम, मग आमचं म्हणावं असं काही आहेच की नाही?"

त्या हसल्या. आत्यांकडं बघून म्हणाल्या, "आजी, पिठात काय घालता?"

"ते न्हाई सांगायची."

"बघा, हे तुमचं. ते गुपित ठेवलंय तोवर ते पक्कं तुमचं. कुणाला सांगूच नका." आत्यांनी माझ्याकडं असं काही पाहिलं, की जणू कोर्टानं निकाल दिला.

मग वकीलबाईंनी कंपनीचं पाकीट उचललं. "आणि हे चित्र. चित्र, लेखन, गाणं ह्यांना कॉपीराइट असतो, आणि तो चित्र काढल्याक्षणी आपोआप तयार होतो. नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. ह्यावर आपण त्यांना धरू शकतो, आणि चांगलं धरू शकतो. चित्र कुणी काढलं?"

मी भावजींचं सांगितलं. कंपनीला ते कुणी दिलं असेल हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. मला वाटत होतं कुणीतरी आमचं पाकीट बघून नक्कल मारली असेल. वकीलबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. आमच्या पाकिटावर पदराचा काठ कापला गेलाय, कारण छापताना जागा पुरली नव्हती. कंपनीच्या पाकिटावर तो काठ पूर्ण होता, खाली हातसुद्धा होते. मूळ चित्र एकाच माणसाच्या कंप्युटरमध्ये होतं.

मला कळलं. आत्यांना अजून कळलं नव्हतं.

"त्यांना तुम्ही किती पैसे दिले होते?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे हो, एक रुपया नाही!" पैशाच्या बाबतीत मी अजून फुशारकीतच होते. "घरचंच काम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे."

"अरेरे काय?"

"ज्यानं चित्र काढलं, हक्क त्याचा. हा साधा नियम. पण कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन एखाद्याचं चित्र काढलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क चित्र काढून घेणाऱ्याचा. तुम्ही मोबदला दिला असता तर हे चित्र तुमचं होतं. त्यांनी ते विकलं असतं तर चोरी झाली असती. आता त्यांनी त्यांचंच चित्र विकलंय."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे परक्या पेंटरला पैसे मोजले असते तर चित्र आमचं, आणि आपल्या माणसानं जीव लावून काढलं म्हणून ते त्याचं?"

"हो."

"हा काय कायदा झाला?"

"असाच आहे."

"आणि चेहरा? चेहरा तर ह्यांचा आहे ना? ह्या बघा, बसल्यात इथं!"

त्या म्हणाल्या, चेहऱ्यावरही माणसाचा हक्क असतो, त्यावरही भांडता येईल, पण ती वाट लांबची. आत्यांच्या वयाला ती वाट दाखवायला त्यांना बरं वाटत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मोबदला म्हणजे पैसाच असं नाही. वस्तूपण चालते. काहीच दिलं नव्हतं?"

मी खुर्चीतून उडालेच. "तांदूळ! गोणीभर इंद्रायणी दिला की! टॉवेल-टोपीपण!"

"कामाच्या बदल्यात?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तोवर आत्या कडाडल्या. "ए बाई! काय बोलतीस? ती मजुरी व्हती व्हय?"

"आत्या, गप बसा ना जरा."

"का म्हून गप बसू? त्याची आय गेली तवा एवडुसा व्हता त्यो. ह्या हातानं घास भरवलाय त्याला. आन म्या त्याला मजूर लावला व्हता, आसं कोर्टात सांगू? माजी जीभ झडंल."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो झटकला. वकीलबाई काही सुचवायला तयार नव्हत्या. "खोटं सांगा असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आजी, ती गोणी काय होती, ते तुम्हीच सांगा."

"पिरेम व्हतं."

"मग चित्र त्यांचं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कायद्यावर, भावजींवर आणि सगळ्यात जास्त आत्यांवर. बाहेर आल्यावर भर रस्त्यात मी त्यांना म्हटलं, "एक शब्द म्हणायचा होता! हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, हे जास्त लागलं. उलट समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "वकील कशाला पायजे? चित्र त्याचं हाय ना? मंग त्यालाच सांगू. मला न्हाई म्हनायचा न्हाई त्यो. चल कामशेतला."

आम्ही गेलो. भावजी दुकानात एकटेच होते. मशिनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स सरकत बाहेर येत होता. आत्यांना बघून ते उठले, पाया पडले, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. आत्यांनी पिशवीतून कंपनीचं पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे तूच दिलंस व्हय रं?"

त्यांनी मान खाली घातली. "त्यांना गावरान चेहरा पाहिजे होता आत्या. माझ्याकडं होता. मला काय माहीत, ते पापड्याच काढतील?"

"बरं, जाऊ दे. आता माघारी घे. माल लय वंगाळ हाय त्यांचा. लोकं मला बोलत्यात."

"ते नाही जमायचं. कागद झालाय त्यांच्याशी."

"माज्यासाटी बी न्हाई?"

त्यांनी मशिनकडं तोंड वळवलं. माझ्या सहनशक्तीचा अंत झाला. "भावजी, लाज वाटत नाही? जिनं लहानाचं मोठं केलं तिचं तोंड विकलंत? चोरी आहे ही!"

चोरी म्हटल्यावर ते पेटले. "वहिनी, चोर कुणाला म्हणता? चित्र मी काढलं. तुम्ही त्याच्यावर इतकी वर्षं धंदा केलात, मी कधी बोललो? मी दोन पैसे केले की लगेच चोर?"

"धंदा! तुम्हीच म्हणालात ना घरचंच काम? आत्यांनी तुम्हाला परकं मानलं नाही, म्हणून..."

"उपकार सांगू नका! मी कुणाचं फुकट घेतलेलं नाही. गोणीभर तांदूळ दिलात ना? मी काम केलं, तुम्ही मजुरी दिलीत, फिटलं. आता काय राहिलंय तुमचं माझ्याकडं?"

मजुरी! जो शब्द आत्यांच्या तोंडून निघाला नव्हता, तो ह्यांनी आपणहून टेबलावर ठेवला. खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटल्या. मी लगेच म्हटलं, "ऐका आता, भावजी. ती मजुरी असेल तर चित्र आत्यांचं. कायदाच आहे तसा, वकिलाकडूनच येतोय आम्ही. तुम्ही जे विकलंत ते तुमचं नव्हतंच. आता कंपनीला तोंड तुम्ही द्या."

त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

मी परत सांगितलं, चवीनं सांगितलं. मोबदला दिला तर देणाऱ्याचं, प्रेमानं काढलं तर काढणाऱ्याचं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग पाकिटाकडं, आणि मग चटकन आत्यांच्या पायाशी खाली बसले.

"नाही, नाही, आत्या! रागाच्या भरात बोललो मी. मजुरी कसली? तू मला प्रेमानं दिलेला तांदूळ तो. मी प्रेमानं काढलं, तू प्रेमानं दिलंस. तूच सांग वहिनींना. सांग ना, प्रेमच होतं ते!"

हे ऐकून मला जो धक्का बसला, त्यापुढं बाजारातली ती पाकिटांची माळ काहीच नव्हती. रागात आलेला माणूस मजुरी म्हणाला, ते एक वेळ मी समजू शकत होते. पण प्रेमाचा भाव समजल्यावर तो प्रेम म्हणाला.

आत्या त्यांच्याकडं बघत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी आपल्या गुडघ्यावरचा भावजींचा हात हळूच बाजूला केला आणि उठल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मजुरीच व्हती ती. तुमी काम केलं, म्या मजुरी दिली."

तुमी. ज्याला त्यांनी घास भरवला त्याला आत्या 'तुमी' म्हणाल्या. भावजींनी मान वर केली. चहावाला आला, कप ठेवून गेला. कुणीही कप उचलला नाही. आत्या मला म्हणाल्या, "चल. त्या वकीलबाईला सांग, मी लिवून द्याया तयार हाय."

पुढचं सगळं फार लवकर झालं, मलाच आश्चर्य वाटलं. नोटीस गेली. भावजींनी मजुरी नाकारली नाही. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आत्या म्हणते ते खरं." कंपनीनं फार ताणलं नाही, त्यांना काय, दुसरा चेहरा कुठंही मिळतो. पुढच्या खेपेला लोणावळ्याच्या बाजारात गेले तेव्हा दोरीवर कुणी दुसरीच म्हातारी डुलत होती, सगळे दात शाबूत असलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, सासू सुटली का?" मी नुसती मान हलवली. 'आत्या' ह्या नावाचा ट्रेडमार्कचा अर्जही आता केलाय. वकीलबाई म्हणतात, तुमची बाजू आता सगळीकडून भक्कम आहे.

परवा दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. दारात गाडी थांबली आणि भावजी आले. हातात मिठाईचा पुडा होता. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी हाक मारली, अगदी पूर्वीसारखी, लांबलचक.

"आत्याऽ!"

आत्यांनी पदर सारखा केला आणि उठून सतरंजी अंथरली.

"या. बसा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "पाव्हण्यांना पानी दे."